यादीबाहेर राहिलेले मूल

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या की सहलीचे दिवस येतात. सूचना वर्गावर्गांतून फिरते, आणि सहावी, सातवी, आठवीच्या मुलांच्या घरी त्या रात्री दुसरा विषय नसतो. कोणी सापुताऱ्याला जाणार असते, कोणी नर्मदाकाठी सरदार पटेलांचा पुतळा पाहायला. शब्बाथशाळांच्या सहलीही नाताळाच्या आगेमागे निघतात. सहल कोठे न्यावी, बस कोणाची ठरवावी, वर्गणी किती ठेवावी, याचा विचार आपण दरवर्षी करतो. परंतु या सर्वांच्या आधी विचारावा असा एक प्रश्न आहे, आणि तो नीतीचा आहे. शाळेची सहल कोणाची? वर्गाची, की वर्गातील पैसे भरू शकणाऱ्यांची?

हा प्रश्न आम्ही सुरतेच्या पांडेसरा भागाकडे पाहून विचारीत आहोत. पांडेसरा म्हणजे डाइंग-प्रिंटिंगच्या मिलांचा आणि लूमच्या खात्यांचा भाग. तापी खोऱ्यातील रेल्वेने धुळे, नंदुरबार, जळगावकडील कितीतरी कुटुंबे सुरतेत आली आणि पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली येथे स्थिरावली. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार येथील माणसेही त्यांच्या शेजारी राहतात. सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांतूनही चालतात. अशा वस्तीत बाप बारा तासांच्या पाळीला जातो. आई घरी साड्यांना टिक्या लावते किंवा धागे कापते, आणि मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते. या घरी सहलीची सूचना पोहोचते, तेव्हा वर्गणीबरोबरच मुलीच्या त्या दिवसाच्या मदतीचाही हिशेब करावा लागतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी वर्गाचे दार त्याने उघडले. परंतु सहलीच्या बसचे दार पुष्कळदा पैशानेच उघडते. चाळीसांच्या वर्गातील अठ्ठावीस मुले जातात आणि बारा मागे राहतात. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस जण पाहिलेले सांगतात, निबंधाचा विषयही "आमची सहल" असतो, आणि ती बारा मुले ऐकीव गोष्टींवरून निबंध लिहितात. त्यांना कोणी नाही म्हटलेले नसते. फक्त कोणी विचारलेले नसते.

प्रभूने सांगितलेला मेंढराचा दाखला आपल्या मुलांना तोंडपाठ आहे. शंभरांतील एक हरवले, म्हणून मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याच्या शोधास निघाला. या दाखल्याचा अर्थ आपण बहुधा पापी व पश्चात्ताप यांपुरता घेतो, आणि तो खराच आहे. परंतु त्यात मोजणीचाही एक धडा आहे. मेंढपाळाला एक कमी आहे हे कळले, कारण त्याची मोजणी शंभरापासून सुरू झाली होती. आपली मोजणी पैसे भरलेल्यांच्या यादीपासून सुरू होते. मग अठ्ठावीसांपैकी अठ्ठावीस आले म्हणून आपण समाधानाने प्रार्थना करून निघतो. हरवलेले कोणी दिसतच नाही.

यावर काही बंधुभगिनी म्हणतील, "सर्वांना नेता येत नाही म्हणून कोणालाच नेऊ नये काय? ज्या आईबापांनी पोटाला चिमटा काढून पैसे भरले त्यांच्या लेकरांचा काय अपराध?" हा आक्षेप हलका नव्हे. सगळ्यांना समान वंचित ठेवणे म्हणजे न्याय नव्हे, हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु कुटुंबाची सहल आणि वर्गाची सहल यांत भेद आहे. ज्याला शक्य आहे त्याने आपल्या मुलांस सुट्टीत हवे तेथे न्यावे. त्यात कोणाचेही काही हिरावले जात नाही. शाळा किंवा शब्बाथशाळा जेव्हा आपल्या नावाने सहल काढते, तेव्हा ती "हे आमचे शिक्षण आहे" असे म्हणत असते. जे शिक्षण म्हणून दिले जाते ते वर्गातील काहींनाच द्यावे, हे गणिताचा तास अर्ध्या वर्गाला देण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप याहून बिकट आहे. "स्वस्त व जवळची सहल काढली तर नुकसान गरिबाचेच. सुखवस्तू घरचे मूल समुद्र आणि डोंगर कसेही पाहील. लूमच्या खात्यामागच्या खोलीतले मूल शाळेने नेले नाही तर कधीच पाहणार नाही." हे खरे आहे, आणि म्हणून जवळची सहलच तेवढी चांगली असा नियम आम्ही करणार नाही. आमचा आग्रह जवळ किंवा दूर यांविषयी नसून सर्व मिळून जाण्याविषयी आहे. दरवर्षी एक जवळची सहल, आणि सहावी ते आठवी या तीन वर्षांत मिळून एकच दूरची सहल, असे ठरविता येते. दूरच्या सहलीसाठी थोडेथोडे साठविण्यास तीन वर्षे मिळतात. वर्गणीचा आकडा सर्वांत अडचणीतील घर पेलू शकेल तितकाच ठेवावा, आणि उरलेली रक्कम ज्यांना देता येते त्यांच्याकडून समाईक पेटीत यावी. पेटीत कोणी किती घातले, हे एका विश्वासू माणसापलीकडे कोणास कळू नये. डाव्या हाताला उजव्याचे कळू नये, ही प्रभूची शिकवण येथे शब्दशः पाळता येते. "या मुलाचे पैसे अमुक साहेबांनी भरले" असे वर्गात जाहीर करून नेलेले मूल बसमध्ये बसते खरे, परंतु ते मान खाली घालून बसते.

जवळची सहल म्हणजे फिकी सहल, असेही कोणी समजू नये. पांडेसऱ्याजवळच बमरोली येथे महानगरपालिकेचे एक शुद्धीकरण केंद्र आहे. शहरातील सांडपाणी तेथे पुन्हा शुद्ध केले जाते आणि ते पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरविले जाते. २०१४ साली सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता दिवसाला चार कोटी लिटरची आहे. बाप ज्या मिलमध्ये कापड रंगवितो, तेथील पाणी आपल्याच मोरीतून गेलेले असू शकते, हे सातवीच्या मुलाला कळले तर विज्ञानाचा एक धडा झाला आणि नीतीचाही. टाकाऊ ठरलेले शुद्ध होऊन पुन्हा कामास येते, हे शब्बाथशाळेच्या शिक्षकाने वेगळे समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.

सुरतेत कतारगाम दरवाजाजवळ जुन्या इंग्रज व डच व्यापाऱ्यांच्या दफनभूमी आहेत. तेथे १६९१ साली वारलेल्या व्हान रेडे या डच अधिकाऱ्याची भव्य कबर आहे. मलबारातील वनस्पतींविषयी त्याने तयार करविलेला बारा खंडांचा "होर्टुस मलबारिकुस" हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्या वनस्पतींची माहिती इट्टी अच्युतन नावाच्या स्थानिक वैद्याने दिली होती, आणि त्याची साक्ष ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेली आहे. कबर मोठ्या माणसाची दिसते; ज्ञान मात्र दोघांचे होते. मुलांना तेथे उभे करून एवढेच विचारावे की, ज्याची कबर येथे नाही त्याचे नाव तुम्ही वहीत लिहाल काय?

थोडे दूर, नवसारी जिल्ह्यात दांडी आहे. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेले गांधीजी ६ एप्रिलला तेथे मीठ उचलते झाले. ३० जानेवारी २०१९ पासून तेथे मीठ सत्याग्रहाचे राष्ट्रीय स्मारक आहे. गांधीजींबरोबर साबरमतीहून निघालेल्या अठ्ठ्याहत्तर सत्याग्रहींत केरळचा एक ख्रिस्ती तरुण होता. त्याचे नाव टायटस. आपल्या पवित्र शास्त्रातला तीत तो हाच. देशाच्या कार्यात ख्रिस्ती माणूस कोठे होता, असे आपल्या मुलांना कोणी विचारले, तर त्यांनी दांडीस जाऊन आलेले असावे.

आता सहलीच्या दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आपल्याला बारा वर्षांचा येशू भेटतो. सहावी-सातवीच्या मुलाचे हेच वय. वल्हांडणाहून परतताना तो यरुशलेमेतच राहिला, आणि आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले, कारण तो सोबतच्या लोकांत असेल असे त्यांना वाटले. मरीया व योसेफ निष्काळजी नव्हते. परंतु समुदाय मोठा असला की प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी पाहत असेल. तीन दिवसांनी मुलगा मंदिरात सुखरूप सापडला.

सगळीच मुले अशी सापडत नाहीत. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीच्या मुलांची होडी उलटली. बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडून मरण पावल्या. होडीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. अशा वेळी "देवाची इच्छा" म्हणून हात जोडणे हे आम्हांला श्रद्धेचे लक्षण वाटत नाही. प्रार्थना करून निघणे चांगले. पण होडीत किती जण बसतात हे विचारणे, जाकिटे मोजणे, आणि ती पुरेशी नसतील तर मुले कितीही हिरमुसली तरी होडीत न चढणे, हीसुद्धा प्रार्थनेचीच पुढची पायरी आहे. आईबाप संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा करतात, तो धोका पत्करल्याचा दाखला नव्हे. आपले लेकरू त्यांनी विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिले, एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्या हाती दिले त्याचे ओझे त्या सहीने वाढते, कमी होत नाही. म्हणून दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस नावानिशी नेमावे, आणि बसमध्ये चढताना, उतरताना, जेवताना त्याने आपली दहा मुले स्वतः मोजावीत.

या दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात, परंतु त्यांचे मूळ एक आहे. बसमध्ये न चढलेले मूल आणि गर्दीत नजरेआड झालेले मूल, दोघेही कोणीतरी संख्येवर समाधान मानल्यामुळे मागे राहतात. मेंढपाळ आपल्या मेंढरांस नावाने ओळखतो, असे प्रभूने सांगितले. नावाने ओळखणे म्हणजे याचे घर कोणते, आई काय काम करते, घरी याच्यावर कोणते काम असते आणि हा गप्प का बसला आहे, हे ठाऊक असणे.

म्हणून मंडळ्यांतील शिक्षक बंधुभगिनींना आमची विनंती आहे. यंदा सहलीची बैठक बसेल तेव्हा ठिकाणाचे नाव आधी काढू नका. पट समोर ठेवा. गेल्या वर्षी कोण आले नव्हते त्यांची नावे कागदावर प्रथम लिहा. त्यांच्या घरी जा. मुलीला सोडावयाचे तर धाकट्याला त्या दिवशी कोण सांभाळील, हे विचारा, आणि मंडळीतील एखाद्या मावशीने ते काम पत्करावे असे पाहा. मग ती मुले येऊ शकतील असे ठिकाण, दिवस आणि वर्गणी ठरवा. बाकीची मुले त्या सहलीत सहज येतील. त्यांच्यासाठी वेगळे काही करावे लागणार नाही.