रक्कम फोडून भरणें हा अपराध होय काय?

स्वकष्टार्जित पैसा कोणी एकदम न भरतां थोडा थोडा बँकेंत भरला, तर त्यांत ना चोरी ना फसवणूक. तो मनुष्य अपराधी कसा? अमेरिकेंत हा प्रश्न मोठ्या वादाचा झाला आहे, व तो वाचकांनीं आपल्या मनाशीं तोलून पाहावा अशी आमची इच्छा आहे.

त्या देशांत 1970 च्या कायद्याच्या आधारें 10,000 डॉलरांहून अधिक रोकडीच्या व्यवहाराची वर्दी बँकेनें सरकारास द्यावी लागते. ती चुकविण्याकरितां लोक रकमेचे तुकडे करूं लागले. म्हणून 1986 सालीं त्या हेतूनें तुकडे करणें हाच गुन्हा ठरला. पैसा शुद्ध असला तरी सुटका नाहीं.

नेवाडा प्रांतीं एक जुगारी 1,60,000 डॉलर हरला, व ठरल्या दिवशीं 1,00,000 रोख घेऊन जुगारगृहांत आला. अधिकारी म्हणाला, 'रोकड घेतल्यास वर्दी द्यावी लागेल. बँकेनें काढलेला चेक चालेल.' शिवाय मोटार दिली आणि सोबतीस नोकरही दिला. (केवढें हें सौजन्य!) मग हा गृहस्थ अनेक बँका हिंडला, व प्रत्येकीकडून त्यानें 10,000 च्या आंतील चेक घेतला. त्यास शिक्षा झाली. परंतु 1994 सालीं वरिष्ठ न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ती रद्द केली. न्यायमूर्ति गिन्सबर्ग यांनीं लिहिलें कीं, वर्दी टाळण्याचा हेतु सिद्ध होणें पुरेसें नाहीं; असे तुकडे करणें बेकायदेशीर आहे हें त्यास ठाऊक होतें, हेंही सिद्ध झालें पाहिजे. त्याच वर्षीं विधिमंडळानें कायदा बदलून ही अट काढून टाकिली.

चोरी वाईट हें सांगावयास कायदा लागत नाहीं. 10,000 ची रेघ मात्र सरकारनें आंखिलेली, ती सदसद्विवेकबुद्धीस आपोआप कळत नाहीं. येथवर न्यायालयाचें म्हणणें आम्हांस पटतें. तथापि जो मोटारींतून बँकेमागून बँक हिंडतो, तो आपण कोणाची तरी दृष्टि चुकवीत आहों हें पक्कें जाणतो. त्यास अज्ञानाची सबब कशी शोभावी? आमचें मत विधिमंडळाकडे झुकतें.

पण मिशिगन प्रांतांतील किराणा दुकानदाराचें काय? त्याच्या विम्यांत 10,000 डॉलरांपर्यंतच्याच रोकडीची हमी होती; म्हणून तो त्याआंतच पैसे भरी. 2013 सालीं त्याची 35,000 डॉलरांची शिल्लक, गुन्ह्याचा आरोपही न ठेवितां, सरकारनें जप्त केली. ती पुढें परत मिळाली. येथें हेतु कोणीं पाहिला? अशा बोभाट्यानंतर 2019 च्या कायद्यानें कर-खात्यावर बंधन घातलें कीं, पैसा बेकायदेशीर मार्गाचा असल्याखेरीज, किंवा दुसरा एखादा गुन्हा झांकण्यासाठीं तुकडे केल्याखेरीज जप्ती करूं नये. वर्दी चुकविण्यासाठीं रक्कम फोडणें हा गुन्हा मात्र अद्याप कायम आहे.