मूल म्हणजे येणे नव्हे

तुम्ही महाराष्ट्राबाहेर मुलं वाढवत असाल, तर हा प्रसंग तुमच्याही घरी घडला असेल. पाहुणे आलेले असतात. "बाळ, मराठीत काहीतरी म्हणून दाखव." बाळ गप्प, आणि आई ओशाळलेली. कोलकात्यात आमच्या घरी माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत हे अनेकदा झालं. आईने मराठीत विचारलं, तरी तो उत्तर बांगलात देतो. मी मात्र स्तोत्रं घडाघडा म्हणायचे. कौतुक माझ्या वाट्याला यायचं, तुलना त्याच्या.

मी कॉमर्स शिकते. उधारीवर माल दिला की वहीत 'येणे' दाखवतात. दान दिलेली रक्कम येणे म्हणून दाखवता येत नाही, ती दिली त्याच दिवशी गेली. आपण मुलांना भाषा, सण, संस्कार देतो आणि म्हणतो, प्रेमाने दिलं. पण मनातल्या वहीत नोंद येण्याचीच असते, आणि मूल मोठं झालं की वसुली सुरू होते. कोलकाता असो की न्यू जर्सी, लांब राहणाऱ्यांची ही वही जरा जास्तच जाड. आपण गाव सोडलं याची टोचणीही मुलाकडूनच भरून घ्यायची असते.

फळाची अपेक्षा सोडावी, हे नोकरीच्या बाबतीत आपण चटकन मान्य करतो. मुलांचा विषय निघाला की मात्र अपेक्षेलाच संस्कार म्हणतो.

शिवाय आपली ओळख आपण समजतो तितकी एकरंगी नसते. बंगालमध्ये बर्गी आले, असं सांगत बाळाला निजवतात. ते बर्गी म्हणजे अठराव्या शतकात इथे लुटालूट करत आलेले मराठा स्वार. माझ्या भावाला शेजारच्या काकीमांनी हेच गाणं म्हणत थोपटलंय! त्याने कोणाची बाजू घ्यायची?

सखाराम गणेश देऊस्करांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. मराठी कुटुंबात, देवघरजवळ (हा भाग आज झारखंडात आहे) १८६९ साली जन्मलेला हा माणूस कोलकात्यात पत्रकार झाला आणि बांगलात लिहू लागला. त्यांचं 'देशेर कथा' १९०४ साली आलं. ते इतकं वाचलं गेलं की १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजवण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. फक्त 'मुलगा कोणत्या भाषेत लिहितो' एवढंच मोजलं असतं, तर ते तोट्याच्या बाजूला गेले असते. पण म्हणून आता मुलाने देऊस्कर व्हावं अशी आशा धरू नका. तीही वसुलीच.

तुम्ही विचाराल, मग शिकवायचंच नाही का? आईने शिकवणं सोडलेलं नाही. ती आजही त्याच्याशी मराठीतच बोलते, वरणभात वाढते, गणपतीला हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात घेऊन जाते. तिने सोडलं ते परीक्षा घेणं. पाहुण्यांसमोर ती आता त्याला काही म्हणून दाखवायला सांगत नाही. हे तिला सोपं गेलं नाही. एकदा मला म्हणाली, "माझी भाषा याच्यापाशी थांबली तर थांबली." आणि बराच वेळ भाजी निवडत बसली. भाऊ त्यानंतर मराठी बोलू लागला, असं काही झालं नाही. पण तो स्वयंपाकघरात तिच्याजवळ येऊन बसतो, पूर्वी उठून जायचा.

आईची वही तरी बंद झाली. माझी? मी इथे मराठी अनुवादाची सेवा करते. लेख पूर्ण झाला की आधी आईला पाठवते, आणि ती काय म्हणते याची वाट बघत फोन हातात धरून बसते.