दावणीबाहेरची परीक्षा

तरुण माणसाला स्पर्धेत उतरण्याचा सल्ला देणे सोपे असते. यश आले तर सल्ला देणारा त्यात वाटेकरी होतो, आणि अपयश आले तर ते सोसण्यासाठी त्या तरुणाला एकटे सोडून आपल्या कामास लागतो. असा सल्ला देण्याचा नैतिक अधिकार आम्हांस आहे काय, हा प्रश्न गेल्या वर्षीच्या एका प्रसंगाने आमच्यापुढे उभा केला.

आमचे कुटुंब बेळगावात स्थिरावून चार पिढ्या झाल्या. तरी मूळ गावचे घर आम्ही मोडलेले नाही. त्या घराला लागून एक शेतकरी कुटुंब राहते. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने एक खिलार खोंड वाढविला होता. पांढरीशुभ्र कांती, भरदार वशिंड, मागे वळून वर गेलेली शिंगे. गावकरी आतापासूनच आपल्या गाई त्याच्याकडून फळवून घेण्याची भाषा बोलू लागले होते. मुलाच्या मनात खोंड कृषी प्रदर्शनात न्यावा असे होते. वडिलांचा विरोध होता. एके दिवशी दोघेही आमच्या ओसरीवर आले. मुलगा म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा, न्हेऊ काय?" वडील म्हणाले, "बैल कामाला असतोय काका, मिरवायला न्हाई."

वडिलांचे म्हणणे हलके नव्हते. प्रदर्शनासाठी जनावर तयार करावयाचे म्हणजे महिनोन्‌महिने पेंड-सरकीचा जादा खुराक, नित्य खरारा, वाहनाचे भाडे. हा खर्च मोठ्या शेतकऱ्याला हौस म्हणून परवडतो, लहानाला कर्ज म्हणून पडतो. शिवाय चार गावची जनावरे एकत्र आली की रोगाचे भय आलेच. २०२२ साली लंपी त्वचारोगाच्या साथीत बाजार आणि प्रदर्शने ठिकठिकाणी बंद ठेवावी लागली होती. या सर्वांहून खोल आक्षेप निराळाच होता. झूल आणि गोंडे बैलाला घालावयाचे, फेटा मात्र मालकाने बांधून घ्यावयाचा. मुक्या प्राण्याला आपल्या मानाचे साधन करणे कितपत योग्य?

तरीही आम्ही "जा" म्हणालो. त्याचे कारण असे की, आपल्या दावणीचे जनावर कोणालाच धडपणे दिसत नाही. रोज पाहून डोळ्यांना सवय होते आणि माया उणीव झाकून टाकते. सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा, खरसुंडी, पुसेगाव, चिंचलीची मायाक्का, या यात्रांतून जनावरांचे बाजार भरत आले ते केवळ खरेदी-विक्रीसाठी नव्हे. तेथे आपला खोंड दुसऱ्याच्या खोंडाशेजारी उभा राहतो आणि तुलना आपोआप घडते. प्रदर्शनात तीच गोष्ट शिस्तीने होते. आदत, दोन दाती, चार दाती असे दातांवरून गट पाडून समवयस्क जनावरे एका रांगेत उभी केली जातात.

जनावरांच्या जाती अशा पारखीवरच टिकतात. आपल्याच भागातील कृष्णाकाठच्या गुरांची गोष्ट घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांनी काळ्या चिकट जमिनीत चालेल असा दणकट बैल हवा म्हणून स्थानिक गाईंशी गीर, ओंगोल यांसारख्या जातींचा संकर घडवून ही जात उभी केली. पुढे ट्रॅक्टर आला, नांगराचे काम गेले, निवडीकडे लक्ष देणारे डोळेही कमी झाले, आणि आज ती जात विरळ झाली आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही गेलो नाही. शहरात काही काम होते. काम नसते तरी गेलो असतो की नाही, हे प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. परीक्षकांनी खोंडाला चालवून पाहिले आणि चारचौघांत सांगितले, की मागचे गुडघे आत वळलेले आहेत, हा दोष वंशात उतरू शकतो. बक्षीस मिळाले नाही. मुलगा परत आला तो मुकाच. दोनतीन दिवस त्याने गोठ्यात पाऊल टाकले नाही. वैरणपाणी वडिलांनीच केले. हे कळल्यावर आपण मुलाला उगीच पुढे ढकलले, या विचाराने आम्ही फार अस्वस्थ झालो.

पुढे जे घडले ते मात्र आमच्या कल्पनेपलीकडचे होते. शेजारचे एक गृहस्थ गाय घेऊन आले, पैसेही देऊ लागले. प्रदर्शनात काय झाले ते त्यांना ठाऊक नव्हते. मुलाने दोष स्वतःच्या तोंडाने सांगितला आणि गाय परत पाठविली. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला त्याने तेच सांगितले. वळू म्हणून खोंड न ठेवता तो खच्ची करून औताला जुंपावा, असे त्याने ठरविले. म्हणजे बैल कामाला असतो हे वडिलांचे म्हणणे शेवटी मुलाकडूनच खरे झाले. फक्त ते आता त्याला पाहून-पारखून पटले होते.

बक्षीस मिळाले असते तर हा प्रसंग आलाच नसता. स्वतःच्या लाडक्या वस्तूविषयी परक्याने सांगितलेले सत्य ऐकणे आणि नुकसान सोसून ते इतरांना सांगणे, हे शिक्षण घरच्या दावणीला मिळत नाही. म्हणून तरुणांना प्रदर्शनास पाठवावे, असेच आमचे मत आहे. पण पाठविणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. आमच्यासारखी शहरात राहणारी, गावाची आठवण जपणारी माणसे पुष्कळदा दुसऱ्याच्या खोंडावर आपली हौस भागवितात. तशी हौस आमच्याही सल्ल्यात होती, हे कबूल केले पाहिजे. उत्तेजन देणाऱ्याने रिंगणाच्या कडेला उभे राहावे, आणि निकाल काहीही लागो, परतीच्या वाटेवर त्या तरुणासोबत असावे.

त्या मुलाने आता एक कालवड निवडली आहे. परवा तिला आमच्यासमोर चालवून दाखविताना त्याची नजर तिच्या मागच्या पायांवर होती. येत्या प्रदर्शनाची तारीख आम्ही विचारून ठेवली आहे. त्या दिवशी दुसरे काम ठेवावयाचे नाही, असे ठरविले आहे.