पाळणा कोणी हलवायचा?

गेल्या महिन्यात उपासनेनंतर चहा घेताना आमच्या मंडळीतील एक वडीलधारे बंधू म्हणाले, "पूर्वी शब्बाथशाळेला सतरंजी पुरत नसे. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या आणि पाळणे रिकामे झाले." आम्ही माना डोलावल्या. कपबशा गोळा करणाऱ्या भगिनी मात्र काही बोलल्या नाहीत.

बंधूंचे म्हणणे अगदीच खोटे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका स्त्रीमागे सरासरी मुले भारतात २.०, महाराष्ट्रात १.७ आणि गोव्यात तर १.३ अशी नोंद आहे. लोकसंख्या टिकण्यास साधारण २.१ लागतात. मुली शिकल्या की लग्ने उशिरा होतात, मुले कमी होतात, हे बहुतेक देशांत दिसले आहे. त्यात सगळेच दुःखाचे नाही. आमच्या आज्यांनी किती बाळंतपणे सोसली आणि त्यांतली किती लेकरे पुरली, हे आपण लवकर विसरतो.

परंतु सारा दोष शिक्षणावर टाकून भागत नाही. दक्षिण कोरिया पाहा. तेथे मुली मुलांच्या बरोबरीने उच्च शिक्षण घेतात. पण मूल झाले की घर आणि मूल बहुतांशी तिच्याच गळ्यात पडते, आणि कित्येकींची नोकरी सुटते. २०२३ साली तेथे एका स्त्रीमागे सरासरी ०.७२ मूल इतकाच दर उरला. तिचे जग बदलले, नवऱ्याचे घरातले आसन फारसे हलले नाही. मग पुष्कळ जणींनी लग्नालाच नकार दिला. महागडी घरे आणि शिकवण्यांचा खर्च ही कारणेही आहेतच.

आपले घर निराळे आहे काय? २०२४ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषाची ८८. आणि कामाला हातच न लावणारे पुरुष या सरासरीत धरलेलेही नाहीत! कुटुंबनियोजनाचेही तेच. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी असूनही, वरील आरोग्य पाहणीत शस्त्रक्रियेचा मार्ग स्त्रियांकडून ३७.९ टक्के आणि पुरुषांकडून ०.३ टक्के. मूल हवे तरी तिने सोसायचे, नको तरी तिनेच. आमच्या दोन मुलांच्या तापाच्या रात्री कोण जागले, याचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. तो येथे छापण्याजोगा नाही.

मग पुरुषांनी भांडी घासली की पाळणे भरतील? तसे वचन कोणी देऊ नये. फिनलंडमध्ये बाप मुलांचे पुष्कळ करतात, तरी तेथील दर २०१० मधील १.८७ वरून २०२३ मध्ये १.२६ वर आला. म्हणून कामाची वाटणी हा मुलांसाठी केलेला सौदा नव्हे. ते थकलेले देणे आहे, मूल होवो वा न होवो. मंडळीची संख्या भरून काढण्याचे ओझे तर कोणत्याही सुनेवर टाकू नये.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील संततीचा आशीर्वाद देवाने दोघांना मिळून दिला आहे, एकट्या स्त्रीला नव्हे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी तो धडा घेताना हे मुलांना जरूर दाखवावे. आणि वर्ग सुटल्यावर सतरंजी कोण झटकते, तेही एकदा पाहावे. आमच्याकडे अजून मुलीच झटकतात.