चालणे कोणासाठी?

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा लालबागच्या चाळींत ज्याच्या घरी संच असे तेथे शेजारी जमत. आता तेथे व आपल्या खेड्यांतही बहुतेक घरी संच आहे. पण भिंतीपलीकडे कोण आजारी आहे, हे आपणांस ठाऊक नसते. वैद्य सांगतात, आठवड्यास निदान १५० मिनिटे झपझप चालावे. म्हणून दादरच्या शिवाजी पार्काभोवती पुष्कळ लोक फेऱ्या घालतात. हे उत्तम होय, कारण शरीर देवाचे मंदिर आहे. परंतु अम्माऊसच्या वाटेवर प्रभू दोघा दुःखितांबरोबर चालला, तो त्यांच्यासाठीच. तर आज आपण संच अर्धा तास बंद ठेवू, आणि जो अंथरुणास खिळला आहे त्याच्या दारापर्यंत चालत जाऊ.