रिकाम्या हाताने आलेला माणूस

मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ साली ‘क्रॉसरोड्स’ मॉल सुरू झाला. पहिल्याच दिवसांत अशी झुंबड उडाली की दारात अट आली: मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा. तेव्हा या दोन्ही वस्तू मूठभरांकडेच होत्या. नवलाई बघायला आलेल्या माणसाला आधी स्वतःची पत दाखवावी लागे. टीका झाली आणि अट मागे घेतली गेली.

कोणाला आत घ्यायचं, हा वाद महाराष्ट्राने देवळाच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या घातला आहे. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी, पायरीजवळ आहे. ज्याच्या नावाने अभंग गायचे, त्या विठ्ठलाच्या गाभाऱ्यात त्यांना जाता आलं नाही. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मे १९४७मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं झालं.

या इतिहासाशेजारी ठेवून पाहिलं की मॉलचं एक मोठेपण मान्य करावंच लागतं. तिथे जात कोणी विचारत नाही. हाजीअली दर्ग्याच्या गाभाऱ्यात स्त्रियांना जाता यावं, यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं आणि निकाल ऑगस्ट २०१६मध्ये आला; मॉलमध्ये मुलगी एकटी शिरली तरी कोणी भुवई उंचावत नाही. गावात ज्याला चहा वेगळ्या कपात मिळे, त्याचा मुलगा इथे फूड कोर्टात कोणाच्याही शेजारी बसून जेवतो. ही लहान सुटका नव्हे.

पण ही समता गिऱ्हाइकाची आहे, आणि ती खिशात पैसे असेपर्यंतच टिकते. सरकत्या जिन्यापाशी कधीकधी एखादी बाई थबकते. निऱ्या एका हाताने वर धरते, पाऊल पुढे टाकते, मागे घेते; मागे रांग खोळंबते. त्या क्षणी ती तिथली आहे की नाही, हे भोवतालच्या नजराच तिला सांगतात. वारीत हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे समोरचा आपल्या पाया पडतो, आपण त्याच्या. कोण काय घेऊन आला, याची चौकशी नसते. माणसाचं मोल तो येण्याआधीच ठरलेलं असतं, या श्रद्धेवर ही रीत उभी आहे.

दुर्दैवाने देवळंच आता उलट्या दिशेने निघाली आहेत. त्र्यंबकेश्वरला, शिर्डीला पैसे भरून लवकर दर्शन घेता येतं. क्रॉसरोड्सने जी अट सोडली, ती देवाच्या रांगेत येऊन बसली, आणि हे मॉलच्या अटीपेक्षा जास्त लागतं.

बंदिस्त मॉलचा जनक मानला जाणारा व्हिएन्नाचा वास्तुकार व्हिक्टर ग्रुएन याने १९५६ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ‘साउथडेल’ उभारलं, ते लोक भेटतील, बसतील, रेंगाळतील अशा चौकाच्या कल्पनेतून. पुढे मॉलचं जे झालं, ते त्याने उघडपणे नाकारलं. त्याची मूळ कल्पना मात्र आजही तपासायला सोपी आहे. मॉलमध्ये फुकट बसायला बाक किती आहेत? पाणी बाटली विकत न घेता कुठे मिळतं? आपल्याकडे पाणपोई बांधणं पुण्याचं काम मानलं जाई, आणि तिच्यापाशी येणाऱ्याला काय खरेदी केलं हे कोणी विचारत नसे.