तराजूची दांडी

चेण्यात घोडबंदर रस्त्याला लागून आमचं हॉटेल आहे. दहा टेबलं, मागे भटारखाना, पुढे गल्ला आणि गल्ल्यावर मी. गायमुखचा घाट तुंबला की आमच्याकडे गर्दी होते. ठाण्याहून निघालेला माणूस दोन-दोन तास गाडीत अडकून, पोराबाळांसकट वैतागून उतरतो. त्याला आधी पाणी हवं असतं, मग मोरी कुठे आहे ते, आणि जेवण तिसऱ्या नंबरावर. एवढं कळायलाही मला काही वर्षं लागली.

गल्ल्याच्या वर ‘ग्राहक देवो भव’ अशी पाटी आहे. वडिलांनी लावलेली. तिच्याखाली मी एक पाप केलं, ते सांगतो.

मे महिन्यातला रविवार होता. दुपारचे तीन वाजून गेलेले. पाच माणसांचं कुटुंब आलं आणि त्यातल्या गृहस्थांनी कोलंबीचं कालवण मागितलं. ऑर्डर घ्यायला गेलेला वाढपी इथल्याच पाड्यावरचा, जेमतेम वीस वर्षांचा. तो वाकून हळूच म्हणाला, “दादा, कोलंबी सकालची हाय, नका घेव. बोंबील ताजं हायेत.”

“मग फळ्यावर कशाला लिहिलंय?” गृहस्थांचा आवाज चढला. आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली. मी गल्ला सोडून धावलो, हात जोडले, म्हणालो, “साहेब, पोरगा नवीन आहे, त्याला काही कळत नाही.” आणि त्या पोराला सगळ्यांदेखत झापलं. मग तीच सकाळची कोलंबी गरम करून वाढायला लावली. कोणाला काही बाधलं नाही. जाताना गृहस्थ म्हणाले, “तुमचं बोलणं मात्र छान आहे हं.” पोरगा तेव्हा शेजारचं टेबल पुसत होता. त्याने वर पाहिलं नाही.

गीतेच्या १७व्या अध्यायात वाणीचं तप सांगितलं आहे. जे बोलणं ऐकणाऱ्याच्या मनाला टोचत नाही, जे खरं आहे, प्रिय आहे आणि हिताचं आहे, ते तप. गावच्या सप्ताहात हे मी लहानपणापासून ऐकत आलो. त्या रात्री हिशेब लिहिताना लक्षात आलं की त्या टेबलाशी तप त्या पोराने केलं होतं. खरं बोलला, हळू बोलला, गिऱ्हाइकाच्या हिताचं बोलला. माझ्याकडे त्यातलं एकटं ‘प्रिय’ होतं, आणि तेही मी गिऱ्हाइकापुरतंच राखून ठेवलं होतं.

धंद्यातलं गोड बोलणं हे खोटंच असतं का, हा प्रश्न मग मला सोडेना. पैसे मिळतात म्हणून मी हसतो. तर ते हसणं माझं की गल्ल्याचं? उत्तर मला महाभारताच्या शांतिपर्वात सापडलं, तुलाधाराच्या गोष्टीत. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की त्याच्या जटेत पाखरांनी घरटं बांधलं, पिल्लं वाढून उडून गेली. त्याला आपल्या तपाचा अभिमान झाला, तेव्हा आकाशवाणी झाली की काशीच्या तुलाधाराची सर तुला नाही. जाजली पोचला तेव्हा हा वाणी दुकानात माल विकत बसलेला. पाहुणा दिसताच तुलाधार उठला आणि त्याने आदराने स्वागत केलं. हे तर आम्हीही करतो. पण पुढे तो जे सांगतो त्याचं सार असं, की माझा तराजू सगळ्या भूतमात्रांना सारखाच तोलतो. त्याचं स्वागत खरं होतं, कारण ते माणूस बघून बदलणारं नव्हतं. माझं हसणं खोटं ठरलं ते पैशामुळे नाही. त्याच मिनिटाला, त्याच तोंडाने मी दुसऱ्या माणसाला तुडवलं, म्हणून.

गिऱ्हाइकाला देव म्हणण्याबद्दलही मला आता शंका आहे. देवाला आपण नैवेद्य दाखवतो आणि खातो आपणच. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा आला. त्या लोकांनी ग्राहकाला देव केलं नाही, हक्क असलेला माणूस केलं, आणि ते जास्त मोलाचं आहे. माणूस ताजं-शिळं विचारू शकतो, आणि त्याला खरं उत्तर देणं भाग असतं. पण सूर कसा असावा हे कुठला कायदा सांगणार? तो भटारखान्यात ठरतो. वस्ताद पोरांवर खेकसला की ती खेकस ताटाबरोबर टेबलापर्यंत जाते. हे मी रोज बघतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराची माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण अपमानही सगळ्यांसमोर केला होता. तो नुसता “राहू दे शेठ” म्हणाला. तेव्हापासून सकाळी अकराला वस्ताद आणि वाढपी एकत्र बसतात. आज ताजं काय, कालचं काय, कुठल्या जिनसेला वेळ लागेल, हे वस्ताद सांगतो. गिऱ्हाइकं काय कुरकुरली ते पोरं सांगतात. चुकलं तर मागे बोलावून सांगायचं, टेबलापाशी नाही. मध्यंतरी एक जण वाढप्याला “ए छोट्या” म्हणून टिचकी वाजवत होता. मी जाऊन पोराचं नाव सांगितलं आणि नावाने हाक मारा अशी विनंती केली. तो उठून गेला. चार ताटांची ऑर्डर गेली, आणि ती जायलाच हवी होती.

वडिलांची पाटी मी काढलेली नाही. खालच्या फळ्यावरची अक्षरं मात्र आता त्या पाड्यावरच्या पोराची असतात. दुपारी तीनला तो खडू घेतो आणि जे ताजं उरलं नाही ते मला न विचारता पुसून टाकतो.